आधी संकल्प, मग उदक

संस्कृत व्याकरणात लृङ् नावाचा एक लकार आहे. विद्यार्थ्यांस तो सर्वांत नावडता. छत्तीस वर्षे शाळेत शिकविताना मी पाहत आलो की, लट् आणि लङ् यांची रूपे मुले निमूटपणे घोकतात, लृङ् आला की मात्र कोणी तरी धीट विद्यार्थी हटकून विचारतो, "गुरुजी, जे कधी घडलेच नाही त्याची रूपे कशाला पाठ करावयाची?" प्रश्न वाजवी आहे. 'पाऊस चांगला झाला असता तर धान्य मुबलक पिकले असते' हे या लकाराचे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले उदाहरण. त्यातला पाऊसही झालेला नाही आणि पीकही आलेले नाही. परंतु वाचकहो, जे घडले त्याची खरी किंमत, जे घडू शकले असते ते शेजारी मांडल्यावाचून पुष्कळदा कळत नाही. वैयाकरणांनी येथे एक शहाणी अट मात्र घालून ठेवली आहे. दोन्ही वाक्यांत हेतुहेतुमद्भाव, म्हणजे एक कारण व दुसरे त्याचे कार्य असे नाते, असले पाहिजे. वाटेल त्या 'जर'ला वाटेल ते 'तर' जोडण्याची मुभा नाही.

ही अट पाळून एका जगप्रसिद्ध घटनेचा विचार करावा असे पुष्कळ दिवस मनात होते. घटना परदेशातली, आणि तीही रॉक नावाच्या संगीताची; तेव्हा काही वाचक भुवया चढवतील हे मी जाणतो. आमच्या घरातही त्या संगीतासंबंधी दोन तट आहेत आणि ते बहुधा जेवणाच्या पंक्तीत प्रकट होतात. तथापि १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्क शहरात बांगला देशाच्या निराश्रितांसाठी जो जलसा झाला, त्याचा आरंभ सतार व सरोद या वाद्यांनी झाला होता, आणि त्याची मूळ प्रेरणा आपल्याच एका थोर कलावंताची होती. तेवढ्यावरून तरी दोन्ही तटांनी क्षणभर शांतता राखावी.

प्रथम हकीकत सांगतो. १९७० च्या नोव्हेंबर महिन्यात बंगालच्या उपसागरातून आलेल्या चक्रीवादळाने पूर्व पाकिस्तानचा किनारा धुऊन नेला. मृतांचा अंदाज तीन ते पाच लक्ष इतका आहे. ते दुःख ताजे असतानाच २५ मार्च १९७१ च्या रात्री पाकिस्तानी लष्कराने ढाक्यात कत्तल आरंभिली आणि माणसांचे लोंढे सरहद्द ओलांडून भारतात येऊ लागले. वर्ष संपता संपता निराश्रितांची संख्या एक कोटीच्या घरात गेली. छावण्यांतून पटकीची साथ पसरली. पंडित रविशंकर त्या वेळी अमेरिकेत होते. त्यांचा जन्म काशीचा, पण घराणे बंगाली, मूळचे यशोहर भागातले. त्यांचे गुरू उस्ताद अल्लाउद्दीन खाँ हेही पूर्व बंगालचेच. तिकडच्या वार्ता ऐकून ते व्याकुळ झाले आणि त्यांनी आपला शिष्य जॉर्ज हॅरिसन याजपाशी मदतीची गोष्ट काढली. हॅरिसन म्हणजे जगद्विख्यात बीटल्स मंडळीतला एक. १९६६ साली तो सतार शिकण्यासाठी मुंबईस येऊन राहिला होता. रविशंकर यांची अपेक्षा माफक होती. एखादा जलसा करावा आणि पंचवीस हजार डॉलर जमवून पाठवावे, इतकेच त्यांच्या मनात होते.

हॅरिसनने ते काम अंगावर घेतले आणि अवघ्या पाचसहा आठवड्यांत तडीस नेले. मॅडिसन स्क्वेअर गार्डन हे अवाढव्य सभागृह ठरविले. बॉब डिलन, एरिक क्लॅप्टन, रिंगो स्टार, लिऑन रसेल, बिली प्रेस्टन अशा नामांकित मंडळींस पाचारण केले. एकाच दिवशी दुपारी आणि रात्री असे दोन जलसे झाले. दोन्ही मिळून श्रोते सुमारे चाळीस हजार. आरंभी रविशंकर सतारीवर, अली अकबर खाँ सरोदावर, अल्लारखा तबल्यावर आणि कमला चक्रवर्ती तंबोऱ्यावर बसल्या होत्या. या जलशाचा चित्रपट १९७२ साली निघाला. काही वर्षांपूर्वी पुतणीने मला तो दाखविला. वादकांनी वाद्ये सुरात लावून घेतली आणि त्यावरच श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला; तेव्हा रविशंकर हसून म्हणाले की, वाद्ये लावणेच जर इतके आवडले असेल तर वादन याहून अधिक आवडेल अशी आशा आहे. वादन चालू असता कोणी धूम्रपान करू नये अशीही त्यांनी सौम्य विनंती केली. उभा जन्म वर्ग सांभाळण्यात घालविलेल्या मला त्या विनंतीचा स्वर फार ओळखीचा वाटला. तिकिटांचे उत्पन्न २,४३,४१८ डॉलर व ५० सेंट इतके आले आणि ते थोड्याच दिवसांत युनिसेफ या बालकल्याणाच्या जागतिक संस्थेकडे गेले. पंचवीस हजारांच्या अपेक्षेची ही जवळजवळ दसपट होय.

आता पहिला 'जर'. हा जलसा मुळी झालाच नसता तर? येथे उत्साही मंडळी म्हणतात की बांगला देश जन्मास आला नसता. वैयाकरण त्यांस ताबडतोब अडवील. ३ डिसेंबर १९७१ रोजी युद्ध भडकले, १६ डिसेंबरला जनरल नियाझी यांनी ढाक्यात शरणागती लिहून दिली. या घटनांचे हेतू न्यूयॉर्कच्या सभागृहात नव्हते. एक कोटी माणसांच्या मुखी घास घालण्याचे मुख्य ओझेही भारतानेच उचलले होते. माझे वय त्या वेळी दहा-अकरा वर्षांचे. १५ नोव्हेंबर १९७१ पासून सरकारने टपालावर ५ पैशांचे जादा तिकीट सक्तीचे केले. कुटुंबनियोजनाच्या तिकिटावर निराश्रितांच्या साहाय्याचा ठसा उमटवून ते प्रथम विकावयास आले. वडिलांचा पत्रव्यवहार दांडगा. लिफाफ्यावर ते तिकीट चिकटविण्याचे काम माझ्याकडे असे. ना त्यात संगीत, ना टाळ्या. पण देशातल्या खेड्यापाड्यांतून सुटणाऱ्या लिफाफ्यांवर ते ५ पैसे चढत गेले. ते कशासाठी व कोठे जावयाचे हे तिकीट छापण्यापूर्वी ठरलेले होते. ही बारीकशी गोष्ट वाचकांनी ध्यानी ठेवावी. पुढे तिचे काम आहे.

म्हणजे जलसा झाला नसता तरी इतिहासाची मोठी वळणे तीच राहिली असती. हरवले असते ते निराळेच. अमेरिकेचे सरकार तेव्हा पाकिस्तानच्या बाजूस झुकलेले होते. नव्या देशास त्याची मान्यता मिळावयास ४ एप्रिल १९७२ उजाडावे लागले. अशा वेळी त्याच अमेरिकेच्या सर्वांत मोठ्या शहरात, आठ महिने आधी, चाळीस हजार लोकांच्या तोंडी 'बांगला देश' हे नाव आले. पूर्वी ज्यांनी ते कानांनी ऐकलेही नव्हते अशा तरुणांच्या घरी ते तबकडीवरून पोहोचले. उपाशी माणसास प्रथम नाव मिळाले की मग अन्न मिळण्याचा संभव वाढतो. माझ्या मते जलशाची पहिली कमाई ही होय, आणि ती कोणत्याही खात्यास अडवून धरता आली नाही.

खरा विचार करण्याजोगा 'जर' दुसरा आहे. तिकिटांचे पैसे तत्काळ पोहोचले. परंतु मोठे उत्पन्न तिकिटांचे नव्हतेच. जलशाच्या तीन तबकड्यांचा संच १९७१ च्या डिसेंबरात अमेरिकेत निघाला, अफाट खपला आणि १९७३ साली त्यास ग्रॅमी पारितोषिकही मिळाले. हे उत्पन्न दानासाठी आहे हे जगजाहीर होते. तथापि जलसा करण्यापूर्वी युनिसेफशी रीतसर व्यवस्था करावयाची, करमाफीसाठी अर्ज करावयाचा, ही गोष्ट चालकांकडून राहून गेली होती. अमेरिकेच्या प्राप्तिकर खात्याने विचारले: हे दान कशावरून? प्रथम तुमच्या हाती आले ते तुमचे उत्पन्न. मागाहून तुम्ही ते कोणास देता तो तुमचा प्रश्न. झाले! बहुतेक रक्कम वर्षानुवर्षे अडकून पडली. इकडे ब्रिटिश सरकारनेही तबकड्यांवरचा विक्रीकर सोडावयास नकार दिला. अखेर १९८५ पर्यंत अंदाजे १ कोटी २० लक्ष डॉलर बांगला देशासाठी गेले. मूळ संकटास तोवर चौदा वर्षे लोटली होती. त्या साली जन्मलेली बालके, जी वाचली ती, नववीच्या वर्गात बसावयास आली होती.

या प्रकरणात प्राप्तिकर खात्यास राक्षस ठरविणे सोपे आहे. मी तसे करणार नाही. आपल्याकडे कोणतेही दान देताना आधी संकल्प करतात आणि मग उदक सोडतात, हे आपण घरोघर पाहिलेले आहे. संकल्पात काय असते? देश, काल, देणाऱ्याचे नाव, देण्याचे कारण. लहानपणी मला तो भाग कंटाळवाणा वाटे. गुरुजी भराभर म्हणून टाकीत असत. पुढे गीतेच्या सतराव्या अध्यायाचा अर्थ लावताना ध्यानी आले की, दान सात्त्विक ठरावयास श्रद्धेबरोबर योग्य स्थळ, योग्य वेळ आणि योग्य पात्र ही तिन्ही पाहावी लागतात. संकल्प हा त्या तिहींचा आगाऊ केलेला उच्चार. वस्तू हातातून सुटण्यापूर्वी ती कोणाची झाली हे चारचौघांसमक्ष सांगून टाकावयाचे, म्हणजे मग मधल्या कोणास तिच्यावर हात ठेवता येत नाही. न्यूयॉर्कच्या त्या थोर मंडळींनी उदक तर ओंजळी भरभरून सोडले. संकल्प तेवढा राहिला. प्राप्तिकर खात्याने, न कळत का होईना, आपल्या धर्मशास्त्र्यांचाच प्रश्न विचारला.

समजा, संकल्प आधी झाला असता. तबकड्यांचे पैसे जसे जमले तसेच १९७२, १९७३, १९७४ या सालांत पोहोचले असते. तर काय झाले असते? १९७४ च्या उन्हाळ्यात व पावसाळ्यात ब्रह्मपुत्रेस मोठे पूर आले आणि त्या वर्षी बांगला देशात भीषण दुष्काळ पडला. रंगपूरच्या बाजूस हाहाकार उडाला. सरकारी आकडा सुमारे २६ हजार मृत्यूंचा. इतरांचे अंदाज त्याच्या कितीतरी पट आहेत. येथेही उतावळेपणा करू नये. अमर्त्य सेन यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या दुष्काळांवरील ग्रंथात दाखविले आहे की, त्या वर्षी देशात धान्य आधीच्या वर्षांपेक्षा कमी नव्हते. पुरामुळे मजुरांचा रोजगार बुडाला, तांदळाचे भाव चढले आणि धान्य असूनही ते विकत घेण्याची ऐपत गोरगरिबांपाशी उरली नाही. असल्या दुष्काळास एका जलशाच्या पैशांनी आळा बसला असता असे म्हणणे म्हणजे लृङ्चा दुरुपयोग होईल. परंतु दूध, औषध, शिजलेले अन्न यांवाचून जी मुले दगावली, त्यांतली काही वाचली असती, इतके म्हणावयास कार्यकारणभाव पुरेसा आहे. किती, हे मी सांगू शकत नाही. एक वाचले असते तरी त्या अर्जाच्या कागदाचे मोल झाले असते.

हा विचार मी घरी बोलून दाखविला तेव्हा धाकटे बंधू म्हणाले, "दादा, तुमचे म्हणणे कागदोपत्री बरोबर आहे. पण त्यांनी अर्ज, मंजुरी, शिक्का यांची वाट पाहिली असती तर १ ऑगस्ट टळला असता. डिलन आला नसता, क्लॅप्टन आला नसता. लोकांचे मन तापलेले होते ते निवले असते. मग तुमच्या संकल्पाला उदक कोठून आणले असते?" या आक्षेपात तथ्य आहे. दयेला घाई असते आणि असावीच. छावणीत पटकीने तडफडणारे मूल कार्यालयाच्या वेळा पाळीत नाही. तथापि पाचसहा आठवड्यांत ज्यांनी सभागृह मिळविले, समुद्रापलीकडून वादक आणले, ध्वनिमुद्रणाची व चित्रीकरणाची सिद्धता केली, त्यांस एक पत्र लिहावयास सवड नव्हती असे म्हणवत नाही. युनिसेफचे मुख्य कार्यालय त्याच न्यूयॉर्क शहरात होते. घाई आणि विधी यांत येथे वैर नव्हतेच. दहा कामांच्या यादीत अकरावे लिहावयाचे राहिले, आणि ते आठवून देणारे माणूस त्या खोलीत नव्हते. अशी माणसे बहुधा नकोशी वाटतात, म्हणून त्यांस कोणी बोलावीत नाही.

मी या गोष्टीबद्दल इतका हट्टी का, हेही सांगतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीस भूकंप झाला. आमच्या शाळेतल्या मुलांनी पांघरुणे, कपडे आणून दिले. एका मुलाने आपले स्वतःचे एकुलते एक पांघरूण आणले. त्याच्या आईने ते धुऊन, घडी घालून दिले होते. आम्ही गठ्ठे बांधून, आम्हांस सांगण्यात आल्याप्रमाणे, एका कचेरीत पोहोचते केले. पुढच्या पावसाळ्यात काही कामानिमित्त तेथे गेलो तो ते गठ्ठे पडवीत तसेच भिजत पडलेले! ते कोणाकडे पाठवावयाचे हे कोणी लिहूनच दिले नव्हते. त्या मुलाने एकदा मला विचारले होते, "गुरुजी, माझे पांघरूण कोणाला मिळाले?" त्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते आणि आजही नाही. कचेरीतल्या कोणाचा दुष्टावा होता असे मी म्हणत नाही. दान निघाले होते. त्यास पत्ता नव्हता.

म्हणून १९१९ सालापासून चालत आलेल्या आमच्या घराच्या माजघरात, २०१९ च्या ऑगस्टात, एक लहानसा तंटा झाला. कृष्णा-पंचगंगेच्या पुराने सांगली-कोल्हापूरकडे अनर्थ केला होता. पुतणी व तिच्या मैत्रिणी यांनी पूरग्रस्तांच्या साहाय्यार्थ गाण्याचा कार्यक्रम योजिला, तारीख ठरविली आणि तिकिटे छापावयास निघाल्या. मी तीन प्रश्न विचारले. पैसे कोणास द्यावयाचे? कोणाच्या हाती? पावती कोण देणार? पोरीच्या डोळ्यांत पाणी आले. "मोठेकाका, लोक पाण्यात बुडालेत आणि तुम्ही पावतीपुस्तक विचारता!" माझ्या धाकट्या बंधूंनी अर्थातच तिची बाजू घेतली. मी एवढेच म्हटले, "तू मला दाखविलास तो जलसा आठव. ते पैसे कोणत्या साली पोहोचले ते शोधून काढ, आणि मग माझ्यावर रागाव." ती रागातच उठून गेली. रात्री जेवावयास मात्र आली, आणि ताटावर बसण्यापूर्वी म्हणाली, "चौदा वर्षे?"

पुढे चार दिवस त्या मुलींनी पायपीट केली. सांगलीकडची एक प्राथमिक शाळा निवडली. तिची पुस्तके, सतरंज्या आणि खिचडी शिजविण्याची भांडी पुरात गेली होती. तेथील मुख्याध्यापकांकडून गरजेच्या वस्तूंची यादी सहीशिक्क्यानिशी आणविली. दोघींच्या सहीचे खाते उघडले. तिकिटावर शाळेचे नाव छापले. कार्यक्रम ठरल्या तारखेसच झाला. गाणी चांगली झाली असे सर्व म्हणाले. रक्कम फार मोठी नव्हती. पण दसऱ्याच्या आत त्या शाळेत सतरंज्या अंथरल्या गेल्या, आणि 'माझे पैसे कोठे गेले' असे ज्यांनी विचारले त्या प्रत्येकास पुतणीने नाव घेऊन उत्तर दिले.

न्यूयॉर्कच्या जलशाचाही शेवट केवळ हळहळीचा नाही. १३ जुलै १९८५ रोजी इथिओपियाच्या दुष्काळासाठी लंडन व फिलाडेल्फिया येथे एकाच दिवशी 'लाइव्ह एड' हा त्याहून प्रचंड जलसा झाला. त्याच्या चालकांनी आपला विश्वस्त निधी आधीच उभा करून ठेवला होता. आधीच्यांची ठेच त्यांच्या कामी आली. आणि २००५ साली हॅरिसनच्या नावाने युनिसेफकडे एक निधी स्थापन झाला. त्या जुन्या तबकड्यांचे व चित्रपटाचे उत्पन्न आता सरळ त्यात जाते. हॅरिसन २००१ साली वारला, रविशंकर २०१२ साली गेले. त्यांच्या दानाला मात्र आता पक्का पत्ता मिळालेला आहे.

आपल्या घराघरांतून दान होत असते. श्राद्धपक्षाचे, वाढदिवसाचे, कोणा विद्यार्थ्याच्या शुल्काचे, पूर आला की पुराचे. ते घराच्या तरुण मंडळींनी उत्साहाने करावे. त्यांच्या गाण्यांस आम्हां म्हाताऱ्यांनी नावे ठेवू नयेत. आमच्याकडे काम एकच: पेटी उघडण्यापूर्वी कागदावर घेणाऱ्याचे नाव लिहिले आहे की नाही ते पाहणे, आणि लिहिलेले नसल्यास, घरातले सर्व रागावले तरी, ते लिहून होईपर्यंत पेटीवर हात ठेवून बसणे.